‘देअरफोर’ कुठे लिहायचा आणि कुठे नाही

भाषांतराच्या कामाला नवीन आलेली मुलं ‘गहाणखत’, ‘बक्षीसपत्र’, ‘वहिवाट’ असल्या शब्दांना घाबरतात. घाबरायचं कारण नाही. त्यांना ठरलेले इंग्रजी शब्द आहेत, एकदा वहीत लिहून ठेवले की जन्मभर पुरतात. मी नवीन माणसाचं पहिलं पान हातात घेते तेव्हा आधी ‘देअरफोर’ शोधते. किती आहेत, कुठे आहेत आणि मुळात मराठीत तिथे काय होतं, एवढं पाहिलं की पुढचं पान द्यायचं की नाही ते कळतं.

मी सांगलीत कोर्टाच्या कागदांचं मराठीतून इंग्रजी करते. राज्यघटनेच्या कलम ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, त्यामुळे खाली मराठीत चाललेल्या दाव्याचं अपील वर गेलं की दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), सरतपास (साक्षीदाराची आपल्याच बाजूच्या वकिलाने घेतलेली साक्ष), उलटतपास, पंचनामे, फेरफार (जमिनीच्या नोंदीतले बदल) असा सगळा गठ्ठा इंग्रजीत लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून आमच्या भागातली बरीच पोरं-पोरी या कामाबद्दल विचारायला येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकावं म्हटलं.

आधी शब्द काय आहे ते. ‘देअर’ म्हणजे ते आणि ‘फोर’ म्हणजे जुन्या इंग्रजीतला ‘फॉर’च. ‘त्याकरता’, ‘त्या कारणाने’ एवढाच त्याचा मूळ जीव. पण आज तो वापरणारा वाचकाला काहीतरी बजावत असतो: वरचं वाक्य तुम्हाला पटलं असेल, तर आता खालचंही मान्य करा. म्हणून ‘देअरफोर’च्या वर कारण कागदावर असावं लागतं. पक्षकाराच्या मनात, वकिलांच्या बोलण्यात किंवा तुमच्या डोक्यात असून भागत नाही.

माझी शिकवायची पहिली रीत भूमितीची आहे. पक्ष, साध्य, सिद्धता आठवते ना? सिद्धतेत तीन ठिपक्यांची खूण करायची, ‘म्हणून’ म्हणायचं आणि उजवीकडे कंसात कारण लिहायचं: एकरूप त्रिकोणांचे संगत कोन, व्युत्क्रम कोन वगैरे. ही खूण योहान रान नावाच्या स्विस गणितज्ञाने १६५९ साली छापली. कच्च्या खर्ड्यात प्रत्येक ‘देअरफोर’च्या समोर समासात पेन्सिलीने कारणाच्या परिच्छेदाचा नंबर लिहा. नंबर सापडत नसेल तर एक तर मराठीत तो शब्द नव्हता आणि तुम्ही घुसडलात, किंवा अर्जातच कारण राहून गेलंय. पहिली गोष्ट असेल तर खोडा. दुसरी असेल तर वकिलांना कळवा आणि भाषांतर आहे तसंच ठेवा. अर्ज सुधारून द्यायचं काम आपलं नव्हे.

आता ‘म्हणून’. निम्म्याहून अधिक घोटाळे इथे होतात, कारण सगळ्यांना वाटतं, ‘म्हणून’ म्हणजे ‘देअरफोर’. आपला ‘म्हणून’ मुळात ‘म्हणणे’ या क्रियापदातून आलाय आणि तो म्हणण्याचा अंश त्याच्यात अजून शिल्लक आहे. एका फौजदारी केसच्या जबाबात असतं तसं वाक्य घ्या: ‘पाणी आणतो म्हणून तो गेला तो परत आलाच नाही.’ माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीने याचं केलं: ‘ही वॉज ब्रिंगिंग वॉटर, देअरफोर ही वेंट.’ तो पाणी आणत होता, सबब गेला! मूळ वाक्यात तो जाताना काय बोलला ते सांगितलंय. तिथे ‘सेइंग दॅट ही वुड फेच वॉटर’ असं हवं. फरक बारीक नाही. आरोपी काही सांगून घराबाहेर पडला की नाही, यावर खुनाच्या खटल्यात पानंच्या पानं युक्तिवाद होतो.

तसंच ‘बोअर मारायची म्हणून सोसायटीचं कर्ज काढलं.’ इथे ‘म्हणून’ हेतू सांगतो, तर ‘इन ऑर्डर टू’ किंवा नुसता ‘टू’ पुरे. ‘साक्षीदार म्हणून सही केली’ इथे ‘ॲज अ विटनेस’. ‘तुकाराम म्हणून एक इसम आला’ याला कोर्टाच्या इंग्रजीत छान सोय आहे, ‘वन तुकाराम’. आणि ‘पाऊस झाला नाही म्हणून पीक गेलं’ हा खरा कारणाचा ‘म्हणून’.

ओळखायचं कसं? ‘म्हणून’ काढून तिथे ‘त्यामुळे’ ठेवून वाक्य मोठ्याने वाचा. ‘पाऊस झाला नाही, त्यामुळे पीक गेलं’ हे उभं राहतं. ‘पाणी आणतो, त्यामुळे तो गेला’ हे कोसळतं. ‘साक्षीदार त्यामुळे सही केली’ तर वाचवतच नाही. ही परीक्षा दहांतल्या नऊ वाक्यांना पुरते. दहावं वाक्य असं असतं: ‘मी आजारी आहे म्हणून सांगितलं.’ आजारी असल्याचं सांगितलं, की आजारी असल्यामुळे सांगितलं? दोन्ही बसतं. अशा वेळी मागचा प्रश्न बघा. उलटतपासात वकिलांनी ‘काय निरोप दिला?’ विचारलं असेल तर पहिला अर्थ, ‘निरोप का दिला?’ विचारलं असेल तर दुसरा. त्यानेही निकाल लागत नसेल तर एक अर्थ पक्का करून मोकळं होऊ नका; तळटीप द्या आणि दोन्ही वाचनं लिहा. न्यायाधीशांना ते आवडतं की नाही ठाऊक नाही, पण ‘भाषांतरच चुकलं’ असं समोरच्या बाजूला म्हणता येत नाही.

उलट जिथे ‘देअरफोर’ लिहायलाच हवा तिथे मराठीत भलताच शब्द बसलेला असतो. ‘तरी’ घ्या.

‘माझे वडील आजारी आहेत. तरी मला चार दिवसांची रजा मिळावी, ही विनंती.’

‘माझे वडील आजारी आहेत, तरी मी कामावर आलो.’

दोन्हीकडे ‘तरी’च. पहिल्याचं इंग्रजी ‘आय देअरफोर रिक्वेस्ट’ आणि दुसऱ्याचं ‘स्टिल’ किंवा ‘नेव्हरदलेस’. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं अर्जातल्या ‘तरी’ला डोळे मिटून ‘हाउएव्हर’ करतात आणि बिचारा अर्जदार वडील आजारी असूनसुद्धा रजा मागतोय असं दिसायला लागतं. खूण सोपी आहे: वाक्य ‘मिळावी’, ‘व्हावे’, ‘देण्यात यावे’, ‘ही विनंती’ असं विनंतीत संपत असेल तर ‘देअरफोर’, घडलेली गोष्ट सांगत असेल तर ‘स्टिल’. ‘तरीही’ आणि ‘तरीसुद्धा’ असेल तर प्रश्नच मिटला, ते कधीच ‘देअरफोर’ नसतात.

‘सबब’ हा आमचा लाडका. अरबीत ‘सबब’ म्हणजे कारण. घरात आपण ‘सबबी सांगू नकोस’ म्हणतो तेव्हा त्याला बहाण्याचा वास असतो, कोर्टात मात्र तो स्वच्छ ‘देअरफोर’ आहे. ‘सबब, मे. कोर्टास विनंती की…’ याला इंग्रजी अर्जात पिढ्यान्‌पिढ्या एकच साचा चालत आलाय: ‘इट इज, देअरफोर, मोस्ट रिस्पेक्टफुली प्रेड दॅट…’. हा साचा तसाच वापरा. तिथे स्वतःची प्रतिभा दाखवायची नसते. ‘तेव्हा’चंही पाहून ठेवा. ‘आरोपी फरार होण्याची शक्यता आहे, तेव्हा जामीन देऊ नये’ यात वेळेचा काही संबंध नाही. तिथे ‘देन’ लिहिलंत तर वाचणारा घड्याळाकडे बघेल.

आता जरा अवघड भाग. कारण आणि अनुमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायदर्शनाचं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राचं, उदाहरण सगळ्यांनी ऐकलेलं असतं: डोंगरावर धूर दिसतो, त्याअर्थी तिथे आग आहे. जगात आग आधी आणि धूर नंतर. धूर आगीमुळे होतो. पण आपली बुद्धी उलट चालते, धुरावरून आगीकडे. इंग्रजी ‘देअरफोर’ या दोन्ही दिशांना चालतो. ‘देअर इज स्मोक ऑन द हिल; देअरफोर, देअर इज फायर’ हे बरोबर, आणि ‘द वेल हॅज ड्राइड अप; देअरफोर, द क्रॉप फेल्ड’ हेही बरोबर. मराठी ‘म्हणून’ मात्र अनुमानाला कुरकुरतो. ‘धूर आहे म्हणून आग आहे’ असं म्हटलं तर धुराने आग लावल्यासारखं वाटतं. आपण बोलताना इथे आपोआप ‘म्हणजे’ वापरतो: ‘दिवा लागलाय, म्हणजे कोणीतरी घरी आहे.’ लिहिताना ‘त्याअर्थी’ किंवा ‘यावरून’.

इंग्रजी निकालाचं मराठी करताना हे फार लागतं. हस्ताक्षरतज्ज्ञाच्या अहवालाच्या आधारे समजा लिहिलंय, ‘द इंक इज डिफरंट; देअरफोर, द सिग्नेचर वॉज पुट लेटर.’ त्याचं ‘शाई वेगळी आहे म्हणून सही नंतर केली’ असं केलंत, तर शाई वेगळी होती या कारणासाठी माणूस थांबला आणि मग त्याने सही केली, असा अर्थ निघतो. ‘शाई वेगळी आहे, त्याअर्थी सही नंतर केलेली आहे.’ आता बरोबर. आणि मराठीतून इंग्रजीत जाताना ‘ॲज अ रिझल्ट’ व ‘कॉन्सिक्वेंटली’ हे घटनेतून घटना घडते तिथेच ठेवा. धुराचा परिणाम म्हणून आग, असं इंग्रजीतही चालत नाही.

अनुमान आलं की ते किती पक्कं आहे हा प्रश्न येतोच, आणि आमच्या भागात तो सात-बाराच्या रूपाने येतो. ‘सात-बारावर त्यांचे नाव आहे व ते जमिनीचे मालक आहेत’ असं पक्षकाराने लिहिलेलं असतं. यात ‘व’ आहे. घाईघाईत त्याचा ‘देअरफोर’ होतो, आणि तिथे भाषांतरकाराने पक्षकाराच्या तोंडी न केलेला युक्तिवाद घातलेला असतो. वर तो युक्तिवाद कायद्यातही टिकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५७ सांगतं की अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. मानायची, एवढंच. महसुली नोंदीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. मूळात ‘यावरून ते मालक असावेत असे दिसते’ असं असेल तर ‘इट देअरफोर अपिअर्स दॅट’ किंवा ‘प्रिझ्युमेबली’ लिहा. आपल्या ‘असावेत’मध्ये जो अदमास आहे तो इंग्रजीत पोहोचवायलाच हवा. ‘आहेत’ आणि ‘असावेत’ यांना एकच इंग्रजी देणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी काम देत नाही.

जोडीने येणाऱ्या शब्दांबद्दल. मराठीला जोड्या आवडतात: जर-तर, जेव्हा-तेव्हा, जसं-तसं. त्या सवयीने ‘बिकॉज’ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे ‘देअरफोर’ येऊन बसतो: ‘बिकॉज द विटनेस वॉज इल, देअरफोर ही डिड नॉट अपिअर.’ इंग्रजीला दोनांतला एकच पुरतो. ‘सिन्स’, ‘ॲज’ यांचंही तेच. अपवाद राजपत्रातला. ‘ज्याअर्थी, राज्य शासनाची अशी खात्री झाली आहे की…, त्याअर्थी, आता…’ या शासकीय थाटाला इंग्रजीतही तेवढीच थाटाची जोडी आहे, ‘व्हेअरॅज…, नाउ, देअरफोर…’. अधिसूचना आणि करारनामे सोडून ती कुठे वापरू नका. भाऊबंदकीच्या साध्या अर्जात ती फेटा बांधून भाजी आणायला गेल्यासारखी दिसते.

विरामचिन्हं. ‘देअरफोर’ हे क्रियाविशेषण आहे, दोन वाक्यं सांधणारं अव्यय नाही. ‘सो’ला नुसता स्वल्पविराम चालतो, याला चालत नाही. ‘द रोड वॉज फ्लडेड, देअरफोर द पंचाज केम लेट’ हे चूक. ‘फ्लडेड’नंतर पूर्णविराम तरी द्या नाही तर अर्धविराम. वाक्याच्या पोटात घातलात तर दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्या किंवा एकाही बाजूला देऊ नका. एकीकडे दिलेला आणि दुसरीकडे विसरलेला सगळ्यात वाईट दिसतो. मला स्वतःला ‘इज देअरफोर’ असा बिनस्वल्पविरामाचा आवडतो, कोर्टाच्या जुन्या टायपिस्टांना दोन्हीकडे द्यायची सवय. ज्यांच्याकडे काम करताय त्यांची पद्धत पाळा.

आणि साक्षीदाराच्या तोंडी ‘देअरफोर’ शक्यतो घालूच नका. सत्तरीतला शेतकरी सरतपासात म्हणतो, ‘मी म्हातारा, म्हणून मागं राहिलो.’ त्याचं ‘आय ॲम ओल्ड, सो आय स्टेड बिहाइंड’ करा. ‘देअरफोर’ लिहिलात की तो माणूस बांधावरून उठून एकदम वकिलांच्या बार रूममध्ये बसलेला दिसतो, आणि पढवलेला साक्षीदार आहे असं म्हणायला समोरच्याला आयती वाट मिळते.

शेजारच्या शब्दांचं थोडक्यात. ‘हेन्स’ आपल्याकडे उगाच फार झालाय; शाळेतल्या ‘हेन्स प्रूव्हड’चा तो संस्कार असावा. त्याची खरी जागा नामाच्या आधी आहे: ‘हेन्स द डिले’, म्हणूनच हा उशीर. तिथे ‘देअरफोर’ बसत नाही. तो ‘येथून पुढे’ या अर्थीही येतो, ‘सिक्स मंथ्स हेन्स’ म्हणजे आजपासून सहा महिन्यांनी. साठेखतात (पुढे विक्री करण्याच्या करारात) हे चुकलं तर खरेदीखताची मुदतच चुकते. ‘दस’ म्हणजे ‘अशा रीतीने’. आधी कृती सांगून झाली असेल तर तो. ‘अकॉर्डिंगली’ म्हणजे ‘त्यानुसार’, आणि फेरफाराच्या नोंदीत तो ‘देअरफोर’पेक्षा नेहमीच बरा: अर्ज आला, चौकशी झाली, त्यानुसार नोंद घेतली.

एक तुकडा पूर्ण करून दाखवते. असे मजकूर रोज येतात:

‘वादी हे सदर मिळकतीचे सहहिस्सेदार आहेत. प्रतिवादी यांनी विहीर खोदायची म्हणून वादीस न विचारता यंत्र आणले आहे. वादीने हरकत घेतली, तरी प्रतिवादी ऐकत नाहीत. सबब वादीस हा दावा दाखल करणे भाग पडले आहे. तरी प्रतिवादीस मनाई ताकीद देण्यात यावी, ही विनंती.’

पेन्सिल घ्या. ‘खोदायची म्हणून’ हा हेतू, ‘इन ऑर्डर टू डिग अ वेल’. पहिला ‘तरी’ घडलेल्या गोष्टीवर आहे, ‘डिस्पाइट द ऑब्जेक्शन’. ‘सबब’ला ‘देअरफोर’: ‘द प्लेन्टिफ इज, देअरफोर, कन्स्ट्रेन्ड टू फाइल धिस सूट’. समासात १, २, ३ लिहा, कारण तिन्ही वाक्यं मिळून ते कारण होतं. नुसती तिसऱ्या वाक्यातली अरेरावी दाव्याला पुरली नसती, सहहिस्सेदारी नसेल तर वादीला हरकत घ्यायचाच अधिकार काय? शेवटचा ‘तरी’ विनंतीचा. त्यालाही नियमाने ‘देअरफोर’च, पण लागोपाठ दोन वाक्यांत तो कानाला खटकतो. माझी सूचना: इथे ‘अकॉर्डिंगली’ घ्या. पाच वाक्यांत ‘म्हणून’, ‘तरी’, ‘सबब’, ‘तरी’ असे चार सांधे आले आणि त्यातला एकच ‘देअरफोर’ झाला.

राहिला त्याचा जुळा भाऊ. ‘देअरफोर’च्या स्पेलिंगमधला शेवटचा ‘ई’ काढला की दुसराच शब्द होतो, अर्थ ‘त्यासाठी’ किंवा ‘त्याऐवजी’. म्हणताना जोर शेवटच्या ‘फॉर’वर. कायद्यांत तो भरपूर आहे. वर सांगितलेल्या कलम १५७ च्याच इंग्रजी मजकुरात नोंद कुठवर खरी मानायची ते सांगताना पुढे येतं की किंवा तिच्या जागी नवी नोंद कायदेशीरपणे घातली जाईपर्यंत, आणि तिथे शेवटचा शब्द हाच, बिनशेपटीचा. संगणकाचं स्पेलिंग तपासणारं यंत्र पुष्कळदा त्याला चूक समजून शेपूट लावून देतं. कायद्याचं कलम उद्धृत करताना ती आपोआप दुरुस्ती बंद करा आणि मूळ छापील प्रतीशी अक्षर न अक्षर ताडून बघा.